उन्हातलं ईम, आणि मनातून न जाणारा एक प्रश्न

रानवाटा

गेल्या शनिवारी इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या ईम गावी, सतराव्या शतकातल्या प्लेगच्या त्या गावी, जाऊन आले. स्पेलिंग वाचून आम्ही 'एयाम' म्हणत होतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी "ईम, ईम" असं दोनदा म्हणून घेतलं आमच्याकडून.

ऊन असं होतं की बसमधून उतरल्या उतरल्या डोक्यावर ओढणी घेतली. एकतीस डिग्री म्हणजे आपल्याकडे काही नाही, पण इथल्या दगडी गावात वारा पडला की भट्टीच. आधी चर्चमध्ये गेलो. आवारात आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस उभा आहे आणि चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे. तिथून दोन पावलांवर ती घरं. प्रत्येकापुढे पाटी, पाटीवर त्या घरात गेलेल्यांची नावं आणि तारखा. खिडकीत कुंड्या, दारात मुलाची सायकल, आणि मध्ये ती पाटी. लोक आजही राहतात त्या घरांत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १६६५ च्या उन्हाळ्याअखेर इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या कारागिरानं ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यातून प्लेगच्या पिसवा आल्या असं मानतात. ७ सप्टेंबरला विकर्सला पुरलं. हिवाळ्यात साथ मंदावली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. जून १६६६ मध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली या दोघांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. ज्याचं माणूस त्यानंच पुरायचं, प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्यावर करायची, आणि गावाची हद्द कुणी ओलांडायची नाही. गावानं ते मानलं. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० माणसं गेली.

दुपारी रायलीच्या थडग्यांकडे चढून गेलो. सुरुवातीला झाडी आहे, मग उघडं शेत. शेताच्या मधोमध कमरेएवढीही नाही अशी गोल दगडी भिंत आणि तिच्या आत हॅनकॉक कुटुंबाचे दगड. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीनं पुरली. तो उन्हाळा फार कोरडा होता, तिकडे महिन्याभरात लंडन जळालं ते त्याच कोरडेपणामुळे भडकलं. मी जमिनीला हात लावून पाहिला. गवताखाली माती विटेसारखी झाली होती, नख रुतेना. भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात तीन मेंढ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे सावली नव्हती. अशा जमिनीत तिनं सात वेळा खणलं.

तर प्रश्न असा. पहारा नाही, शिपाई नाही, दंड नाही. डोंगर उतरलं की दुसरं गाव. मग ही माणसं थांबली कशी? तुमच्यापैकी जे गेले असतील किंवा ज्यांनी याविषयी वाचलं असेल त्यांनी लिहा.

मीनल_लीड्स

वाचताना घशाशी आलं. आम्ही दहा वर्षं इथून तासा-दीड तासावर राहतो आणि गेलेलो नाही. माझे बाबा सध्या कोल्हापूरहून आलेत, मुलगा नऊ वर्षांचा. दोघांना झेपेल का?

शेफील्डकर

मीनलताई, नक्की झेपेल. सकाळी लवकर जा. गाव लांबट आहे, मुख्य रस्ता बहुतेक सपाट. चढ लागतो तो रायलीला आणि मॉम्पेसनच्या विहिरीला. विहीर गावाच्या वर माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, तिथे सावलीचं नाव नाही, तेवढं बाबांना गाडीनं न्या. बाहेरची माणसं तिथे धान्य-औषधं ठेवून जायची. दुसरी जागा म्हणजे सीमेचा दगड. ईम आणि स्टोनी मिडलटनच्या मधल्या शेतवाटेवर आहे, लिडगेटवरून पुढे गेलं की थोडंसंच अंतर. दगडाला भोकं पाडलेली आहेत, त्यांत व्हिनेगर भरून पैसे टाकायचे. पलीकडचे लोक सामान ठेवून ते पैसे उचलायचे.

संग्रहालय चुकवू नका. छपरावरच्या वातकुक्कुटाच्या जागी उंदीर बसवलाय, मुलाला तो आधी शोधायला सांगा.

आणि रस्त्याकडेचे दगडी हौद बघा. १५८८ सालची पाणीपुरवठ्याची सोय आहे ती. गावोगाव लोक ओढ्यावरून बादल्या वाहत होते त्या काळात या डोंगरातल्या गावानं झऱ्याचं पाणी दारापर्यंत आणलं होतं.

निवांत

रानवाटा, वर्णन फार सुंदर. पण तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते सरळ उत्तर आहे: जाणार कुठे? शिशाच्या खाणीत राबणारी आणि चार मेंढ्या पाळणारी माणसं. ज्यांची ऐपत होती ती कुटुंबं आधीच निघून गेली होती. मॉम्पेसननं स्वतःची मुलंही हद्द बंद व्हायच्या आधी यॉर्कशरला धाडली. मागे राहिले ते गरीब. शेजारच्या गावात ईमचा माणूस ओळखला गेला तर दगड खायची वेळ. याला त्याग म्हणायचं की नाइलाज? ही थोरवीची गोष्ट बरीचशी पुढच्या शतकांतल्या लेखक-कवींनी रंगवली, इतिहासकारांनीही यावर बोट ठेवलंय.

अनुजा_ग

निवांत, नाइलाज असता तर रात्री कुणी ना कुणी पळालंच असतं. पोटच्या पोराला ताप यायच्या आधी आईनं त्याला घेऊन डोंगर ओलांडला असता. माणूस मरणापुढे ऐपत बघत नाही.

घाटमाथा

माझी पणजी सातारा भागातली. प्लेगच्या गोष्टी ती आजीला सांगायची, आजीनं आम्हाला सांगितल्या. "उंदीर पडला की गाव उठायचं." घरात मेलेला उंदीर दिसला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर. कुडाच्या झोपड्या, वर पाचट. जाताना माणसं घराला कुलूप लावायची आणि उंबऱ्यावर दिवा ठेवून निघायची. तीन-तीन महिने माळावर. लग्नं तिथंच, बाळंतपणं तिथंच. साथ ओसरली की मरीआईला निवद दाखवून परत.

म्हणजे आमच्या गावानं जे केलं ते ईमच्या नेमकं उलट. ते आत थांबले, आम्ही बाहेर पडलो. पण एक गोष्ट सारखी आहे. पणजी सांगायची की गाव उठवायचं कधी ते एकट्यादुकट्यानं ठरत नसे. जाणती माणसं देवळात बसायची आणि मग दवंडी. एक घर मागं राहिलं तर बाकीच्यांनी जाऊन काय उपयोग.

सुमेधा

घाटमाथा, तुमच्या पणजीच्या आठवणी कृपया वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा. हे लिहून ठेवायला हवं.

मला रानवाटांचा प्रश्न वाचून पहिलं आठवलं ते १८९७ चं पुणं. तिथे शिपाई होते. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सैनिक घराघरांत शिरत, देवघरापर्यंत जात, बायकांना बाहेर काढून तपासत, सामान रस्त्यावर आणून जाळत. हेतू तोच होता, आजाऱ्यांना वेगळं काढायचा. परिणाम काय झाला? लोकांनी आजारी लपवले, मढी लपवली. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या. ज्या देशात ईम घडलं त्याच देशाच्या अधिकाऱ्यांना पुण्यात माणसांशी बोलावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

आणि त्याच साली, त्याच पुण्यात सावित्रीबाई होत्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंतरावांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता, तिथे त्या आजाऱ्यांना आणायच्या. एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणलं आणि त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला गेल्या. सहासष्ट वर्षांची बाई. त्यांना कुणी हुकूम दिला होता?

जुनाजाणता

सुमेधाताई, राग समजतो आणि पटतोही. फक्त एक भर घालतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात साथ ओळखली ती डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. लस केली वॉल्डेमार हाफकिन यांनी, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जागेत. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. म्हणजे तेव्हाही पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घेणारी माणसं होती. साथरोग कायदाही १८९७ चाच, २०२० मध्ये आपल्याकडे तोच वापरला.

ईमकडे ना लस, ना कायदा, ना जंतू म्हणजे काय याची कल्पना. व्हिनेगर आणि प्रार्थना.

वैद्य_सांगली

डॉक्टर म्हणून थोडं लिहितो. २०१६ मध्ये ईमच्या नोंदींवर एक गणिती अभ्यास झाला. चर्चच्या वहीत कोण कधी गेलं, कोणत्या घरातलं, हे इतकं नीट नोंदवलेलं आहे की साथ कशी पसरली ते जवळजवळ घराघरांतून मांडता येतं. निष्कर्ष असा की साधारण तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, म्हणजे अंगावरच्या पिसवा-उवांमार्फत किंवा थेट. उंदरांचा वाटा उरलेला. म्हणून एका घरात शिरलं की घर रिकामं होई. हॅनकॉकांचं तेच.

आता कठीण गोष्ट. गाव बंद केल्यामुळे शेजारचे वाचले असतील, पण आतल्यांचा धोका त्यानं कमी झाला नाही, कदाचित वाढला. घाटमाथांच्या पणजीचं गाव माळावर विखुरलं, तो आतल्यांसाठी जास्त शहाणपणाचा उपाय होता. मात्र उघड्यावर प्रार्थना आणि आपापली माणसं आपणच पुरणं, या दोन गोष्टी आजच्या ज्ञानानुसारही बरोबर होत्या. गावाखालच्या ज्या घळीत प्रार्थना व्हायची, कक्लेट डेल्फ, तिथे कुटुंबं अंतर ठेवून उभी राहायची.

तिखट_मीठ

इतकं गंभीर चाललंय, पण धाग्यात ऊन आहे म्हणून विचारते: तुम्ही लोक या उन्हात खाता-पिता काय? १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये पारा ४०.३ वर गेला होता तेव्हा मी बर्मिंगहॅमच्या घरात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा नाही, खिडकी अर्धीच उघडते.

शेफील्डकर

आम्ही सातूचं पीठ घेऊन जातो. गूळ, पाणी, वेलची, झालं. एकदा ईमच्या बाकावर बसून खात होतो तर एका वयस्क जोडप्यानं विचारलं, काय हे? त्यांना दिलं. दोघं मिळून अख्खी वाटी संपवली आणि मला बदल्यात घरच्या स्ट्रॉबेऱ्या दिल्या. तेव्हापासून डबा मोठा नेतो.

मीनल_लीड्स

आमच्याकडे आगळ आहे. कोकम सरबत थर्मासात. ठरलं, येत्या रविवारी जातोय.

कासारवाडी

रानवाटा, सूर्यघड्याळ बरोबर चालतं का हो? मला अशा गोष्टींचं वेड आहे.

रानवाटा

पाहिलं होतं! माझ्या घड्याळात एक वाजला होता आणि भिंतीवरची सावली बाराच्याही थोडी अलीकडे. मुलगी म्हणाली बंद पडलंय. पण उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, शिवाय ईम ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यानं सूर्य तिथे काही मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. म्हणजे भिंत बरोबर होती.

निवांत, तुमचं म्हणणं मी दोन दिवस घोळवतेय. पैसेवाले गेले हे खरं. पण मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली नाही. मुलांबरोबर जायची संधी होती, तरी नवऱ्याजवळ थांबली, आजाऱ्यांकडे जात राहिली. २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. तिची कबर त्या जुन्या क्रूसाजवळच आहे. तिला तर नाइलाज नव्हता.

निवांत

कॅथरिनबद्दल मान्य. शब्द मागे घेतो असं नाही, पण 'सगळा नाइलाजच' हे माझं म्हणणं पुरतं टिकत नाही, हे कबूल. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशरनं धान्य पुरवायचं कबूल केलं होतं हेही लक्षात घ्या. पोटाची सोय झाली म्हणूनही लोक थांबले असतील. उपाशी माणसाला हद्द पाळायला सांगून ती पाळली जात नाही.

अनुजा_ग

एमट सिडल आणि रोलंडची गोष्ट कुणी लिहिली नाही अजून. ती ईमची, तो स्टोनी मिडलटनचा. घळीच्या दोन बाजूंना उभं राहून लांबून एकमेकांना बघायचे. एप्रिलपासून ती यायची थांबली. हद्द उघडल्यावर तो गावात शिरला तेव्हा कळलं. चर्चच्या काचेच्या खिडकीत दोघांचं चित्र आहे.

जुनाजाणता

एमटचा मृत्यू नोंदीत आहे. भेटींची गोष्ट परंपरेनं आलेली. पण जिवंत माणसं एकमेकांना लांबून बघत असणार यात शंका घेण्यासारखं काही नाही. २०२० मध्ये मी आईला पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाबाहेरून तीन महिने असंच बघत होतो.

बालवाडी_ताई

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: 'रिंगा रिंगा रोझेस' हे गाणं या प्लेगचं आहे असं तिथे येणारे बरेच जण मुलांना सांगतात. लोकगीतांचे अभ्यासक ते मानत नाहीत. गाणं छापील रूपात दिसतं ते एकोणिसाव्या शतकात, आणि प्लेगशी त्याचा संबंध जोडला गेला तो त्याहून उशिरा. मुलांना एलिझाबेथ हॅनकॉक सांगा, ती खरी आहे.

मीनल_लीड्स

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, कारण नीट लिहायचं होतं.

सकाळी साडेनऊला पोचलो, तरी दहा वाजता दगड तापायला लागले होते. मुलानं उंदीर लगेच शोधला. बाबा मात्र पाट्यांपाशी अडकले. प्रत्येक पाटी पूर्ण वाचायची, तारखा बोटांवर मोजायच्या. एका घरापुढे म्हणाले, "हे बघ, तीन दिवसांत बाप आणि दोन पोरं." मग पुढच्या घरापुढेही तसंच. मी घाई केली नाही.

सीमेच्या दगडाकडे जाताना वाटेत खाजकुलीसारख्या काटेरी पानांचं रान माजलंय, लांब विजार घाला. दगड माझ्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. वरची भोकं बोट घातलं की आतून गुळगुळीत लागतात. लोक अजून त्यांत नाणी टाकतात. मुलानं विचारलं, "आजोबा, पलीकडचे लोक पैसे न घेता सामान ठेवायचे का?" बाबा म्हणाले, "घ्यायचे. उधार ठेवलं असतं तर ह्यांना भीक वाटली असती." मला हे कधी सुचलं नसतं. बाबांचं चाळीस वर्षं किराणा दुकान होतं.

मग रानवाटांचा प्रश्न मी बाबांना विचारला. ते गावात वीस वर्षं सोसायटीचे चेअरमन होते, पंचायतीचं राजकारण सगळं पाहिलेलं. त्यांनी आधी विचारलं, "तो दुसरा म्हातारा कोण?" म्हणजे स्टॅन्ली. मी वाचलेलं सांगितलं: तो गावाचा जुना धर्मगुरू, लोकांचा लाडका. राजा परत आल्यावर नव्या कायद्याची प्रार्थना-पोथी मानली नाही म्हणून १६६२ च्या सुमारास पद गेलं. मॉम्पेसन १६६४ मध्ये वरून नेमलेला, विशीतला, लोकांना नकोसा. दोघांचे पंथ वेगळे, एकमेकांच्या विरोधातले.

बाबा म्हणाले, "मग झालं की. सरकारी माणूस एकटा उभा राहिला असता तर गावानं ऐकलं नसतं. म्हातारा एकटा उभा राहिला असता तर अर्ल धान्य पाठवता ना. दोघं एकमेकांचं तोंड न बघणारे, आणि त्या दिवशी शेजारी शेजारी उभे राहिले. हे गावानं बघितलं. आमच्याकडे दोन पार्ट्या एका ओट्यावर आल्या तर लोक समजतात की प्रकरण जिवावरचं आहे."

निवांत

मीनलताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. इतकं वाचून मला हे दिसलं नव्हतं.

सुमेधा

पुण्यात तो ओटाच नव्हता.

जुनाजाणता

पुढचं सांगतो, बाबांना आवडेल. मॉम्पेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला बदलून गेला. तिथल्या लोकांनी भीतीनं त्याला गावात राहू दिलं नाही, सुरुवातीला रफर्ड पार्कात झोपडीत काढावे लागले दिवस. स्टॅन्ली ईममध्येच राहिला आणि १६७० मध्ये तिथेच वारला.

घाटमाथा

माळावरची झोपडी. पणजीला सांगायला हवं होतं.

रानवाटा

मीनल, बाबांचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. मी आठवडाभर लोक कसे तयार झाले याचाच विचार करत होते, समोर उभ्या राहिलेल्या दोघांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथे दरवर्षी प्लेग संडेची प्रार्थना असते, त्याच कक्लेट डेल्फमध्ये, उघड्यावर. मी जाणार आहे. कुणी येतंय का?

मीनल_लीड्स

आम्ही चौघं. बाबांनी परतीचं तिकीट एक आठवडा पुढे ढकलायला सांगितलंय.

शेफील्डकर

शेफील्ड स्टेशनवरून माझ्या गाडीत दोन जागा आहेत. सातू मी आणतो.

निवांत

एक जागा माझी. लंडनहून सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो.

तिखट_मीठ

दुसरी माझी. छत्र्या आणा रे, तिथे गवतावर सावली नसणार.